बाभळीचा भुंगेरा आणि वाळक्या लाकडाचा भुंगेरा, दोघांत गल्लत होतेय म्हणून हा धागा

येरळाकाठ (तासगाव):
राम राम मंडळी. मृग जवळ आला की आपल्या ग्रुपांवर खोडातल्या अळ्यांचे फोटो पडायला लागतात आणि फोटोखाली पहिला प्रश्न असतो, कुठलं औषध मारू. अळी ओल्या लाकडात होती का वाळक्या, भुसा बाहेर पडत होता का आतच होता, हे कोणी विचारतच नाही. मग एका किड्याचा उपाय दुसऱ्यावर होतो, पैसे जातात आणि खोड पोखरायचं ते पोखरतच राहतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन्ही किडे ओळखायला अवघड नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोघंही मूळचे रानातले, माळावरचे, आणि एकाच कुळातले. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं कूळ, सेरॅम्बिसिडी. पहिला सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर, बाभळीच्या वनीकरणात मुळं पोखरतो म्हणून वनखात्याची माणसं याला चांगली ओळखतात, बाभळीशिवाय बोर, साग, सरू, निलगिरी यांच्यावरही येतो आणि आपल्याकडं द्राक्षावर. दुसरा स्ट्रोमॅशियम बार्बाटम. हा वाळक्या लाकडाचा. याला आवडनिवड अशी नाहीच, शेकडो जातींच्या लाकडात त्याची नोंद आहे, जळणाच्या ढिगात, जुन्या तुळईत, मांडवाच्या लाकडी डांबात, दाराच्या चौकटीत, कुठंही सापडतो, आणि द्राक्षाच्या जुन्या खोडातही.

दिसायला सांगतो. सेलोस्टर्ना मोठा, साधारण सव्वा ते दीड इंच, अंग भरलेलं, रंग मळकट पिवळा करडा, पाठीवर बारीक काळे ठिपके, आणि खांद्यापाशी हात फिरवला तर खरबरीत लागतं. स्ट्रोमॅशियम त्याच्याहून बारीक आणि निमुळता, तांबूस तपकिरी, काही अगदी काळपट, अंगावर बारीक लव. आणखी एक खूण, सेलोस्टर्नाचं तोंड सरळ खाली जमिनीकडं वळलेलं असतं, स्ट्रोमॅशियमचं थोडं पुढं झुकलेलं. धरला की दोघंही किर्र किर्र करतात, मान आणि पाठ एकमेकांवर घासून आवाज काढतात, त्याला घाबरू नका.

पण खरी ओळख भुंगेऱ्यात नाही. भुंगेरा आपल्याला पावसाळ्यात थोडे दिवस दिसतो, बाकी सगळं वर्ष अळी आत असते आणि आपल्या हाताला लागतो तो भुसा. म्हणून भुसा बघा.

सेलोस्टर्नाची मादी जिवंत झाडाची साल चावून खाच करते आणि तिच्यात अंडं ठेवते, बुंध्याजवळ. अळी सालीखालचं ओलं लाकूड खात आत शिरते आणि खाली मुळाकडं सरकते, बाभळीत तर मूळच पोकळ करते. आतली जागा मोकळी ठेवायला ती भोकातून भुसा बाहेर ढकलत राहते. त्यामुळं झाडाच्या बुडाशी ओलसर, दाणेदार, थोडा धागेदार भुसा पडलेला दिसतो, ताजा असला तर लाकडाच्या रंगाचा, जुना झाला की काळा पडतो. हा भुसा दिसला म्हणजे अळी आत जिवंत आहे आणि ती कुठं आहे तेही कळलं.

स्ट्रोमॅशियम यातलं काहीच करत नाही. मादी साल चावत बसत नाही, वाळक्या लाकडाच्या भेगेत, सुटलेल्या सालीखाली अंडी घालते. अळी आत शिरली की पीठ मागं दाबून भरत पुढं जाते, बाहेर कण येऊ देत नाही. वरचा पापुद्रा शाबूत. आपण रोज त्या खोडाजवळनं जातो आणि काही कळत नाही, शेवटी भुंगेरा लंबगोल भोक पाडून बाहेर आला किंवा खोड माल धरल्यावर मोडलं की मग उघडं पडतं, आत सगळं पीठ.

वेळेचाही मोठा फरक आहे. सेलोस्टर्नाची पिढी वर्षाची, जून जुलैत पावसाबरोबर भुंगेरे बाहेर, मग अंडी, अळी आत नऊ दहा महिने खाणार. ओल्या लाकडात साखर असते, स्टार्च असतं, पाणी असतं. स्ट्रोमॅशियमला मिळतो तो नुसता कडबा, हिरवा चारा नाही, म्हणून वाढ संथ. चांगल्या लाकडात वर्षात होईल, पण पार सुकलेल्या फर्निचरमध्ये अळीला कित्येक वर्षं लागतात. लाकूड आणून, पॉलिश करून घरात ठेवलं, पोरं मोठी झाली आणि मग एका पावसाळ्यात त्यातनं भुंगेरा निघाला असं होतं आणि माणसं समजतात बाहेरून आला.

बोला आता. ज्यांच्या बागेत काय दिसतंय त्यांनी भुशाचा फोटो टाका, भुंगेऱ्याचा नसला तरी चालेल.

जतची_पोर:
दादा खूप उपयोगी लिहिलंत. आमच्या जुन्या थॉमसन द्राक्षाच्या प्लॉटमध्ये शेंडे सुकून खाली लोंबतायत, पावसानंतर लगेच. काडीची साल कुरतडल्यासारखी दिसते. हा त्यातलाच प्रकार का? भुसा अजून कुठं दिसला नाही.

येरळाकाठ:
ताई, हे सेलोस्टर्नाच्या भुंगेऱ्याचं काम असू शकतं. बाहेर आल्यावर तो कोवळ्या काड्यांची हिरवी साल खातो, दिवसाढवळ्या खातो, म्हणून शेंडा सुकतो. भुसा दिसायला वेळ आहे, आत्ता अंडी घालायचे दिवस आहेत. म्हणूनच आत्ताच सकाळी बागेत फिरून भुंगेरे हातानं वेचा, काडीवर बसलेले मिळतील. बांधाला बाभळी असतील तर तिथल्या ओळी आधी बघा. आणि स्ट्रोमॅशियमचा भुंगेरा असं शेंडं खात नाही, त्याचं बाहेरचं आयुष्य थोडं आणि खाणं जवळजवळ नाहीच.

छाटणीवाला_पलूस:
मला एक पटलं नाही. तुम्ही म्हणता एक जिवंत झाडाचा आणि एक मेलेल्या लाकडाचा. मग स्ट्रोमॅशियम आमच्या जिवंत द्राक्षात कसा? वेल हिरवीगार आहे, घड आहेत, आणि ओलांडा, म्हणजे खोडातनं निघालेली आडवी जाड फांदी, कापला तर आत पिठाच्या नळ्या. मेलेलं लाकूड म्हणायचं कशाला मग. मंजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यातही खोडकिडीत दोन्ही नावं एकत्र येतात. शेतकऱ्याला तर दोन्ही खोडकिडीच.

येरळाकाठ:
भाऊ, प्रश्न एकदम बरोबर ठिकाणी लागलाय आणि सगळी गोम इथंच आहे. जिवंत झाड म्हणजे सगळं जिवंत नसतं. खोड कापून बघा, साल, तिच्या आतला पातळ थर, आणि त्याच्या आत पाणी वाहून नेणारं बाहेरचं लाकूड, इथं जिवंत पेशी असतात. मधला गाभा मेलेला असतो, झाड उभं राहायला तेवढा आधार देतो. मोठ्या झाडात हा गाभा वर्षानुवर्षं निरोगी राहतो. पण द्राक्षाला आपण दरवर्षी दोनदा कापतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, मोठ्या जखमा करतो, ओलांडे बदलतो. प्रत्येक मोठ्या जखमेमागं आतल्या बाजूला वाळलेल्या लाकडाची पाचर तयार होते. बारा पंधरा वर्षांच्या वेलीत अशा पाचरी एकमेकींना मिळून आतनं वाळका पट्टा होतो. स्ट्रोमॅशियम त्या पट्ट्यात राहतो. त्याच्या लेखी ती वेल म्हणजे बाहेरनं हिरव्या पानांचा पडदा असलेलं वाळकं लाकूडच. आणि सेलोस्टर्ना नेमका उलट्या बाजूनं, बाहेरच्या ओल्या थरातनं शिरतो. एकाच खोडात दोघं असू शकतात, वेगवेगळ्या खोलीत.

म्हणून कोवळ्या बागेत, दोन तीन वर्षांच्या, डॉगरिज या खुंटरोपावर नुकतं कलम केलेल्या, तिथं खोडातली अळी दिसली तर माझा संशय आधी सेलोस्टर्नावर जाईल. जुन्या, मोठ्या जखमांच्या बागेत दोन्ही तपासा.

छाटणीवाला_पलूस:
हे पटलं. म्हणजे छाटणीची जखम सांभाळणं हा पण त्याच्यावरचा उपाय झाला. आमच्याकडं मजूर घाईत ओलांडा चिरतात, खुंट ठेवतात, तो वाळतो आणि तिथनंच सुरू होतं. मी जखमेवर पेस्ट लावायला सांगतो पण लोक नुसतं वरनं फासतात.

येरळाकाठ:
हो, खुंट ठेवायचा नाही, जखम सपाट आणि लहान ठेवायची, आणि पेस्ट कापल्या दिवशीच. भेग पडल्यावर लावलेल्या पेस्टचा फारसा उपयोग नाही, भेगेतच तर अंडी जातात.

पाटण_खोरं:
आम्ही साताऱ्याकडचे, द्राक्षं नाहीत. पण आंबा, फणस, उंबर आहेत. आमच्या उंबरावर गेल्या पावसात केवढा मोठा भुंगेरा होता, मिशा अंगापेक्षा लांब, मानेवर दोन नारिंगी डाग. हा सेलोस्टर्ना का?

येरळाकाठ:
नाही अप्पा, दोन नारिंगी डाग म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. आपण आंब्याचं भिरूड म्हणतो त्याची आई. हा त्याच कुळातला, सेलोस्टर्नाच्या जवळचा, पण मोठा, दोन इंचांपर्यंत, करड्या अंगाचा आणि पंखांच्या मुळाशी काळे मणी. हा पण जिवंत झाडाचाच, आंबा, उंबर, फणस, सावर, शेवगा, आणि याची अळी बोटाएवढी जाड होते. बुंध्यातनं भुसा आणि चिकट रस येतो, झाड एका बाजूनं वाळायला लागतं. कोयनेच्या बाजूला रानात उंबर खूप, तिथं तो पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि उंबरं अजून उभी आहेत. आमराईत जवळजवळ लावलेली कलमं, कमी पाणी, खोडाला जखमा, तिथं मात्र तो झाड मारतो. तार घालून अळी ओढून काढा.

मिरजकर_तारवाद्य:
मी तंबोरे सतारी बनवणाऱ्यांच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडं तुणाचं लाकूड येतं, भोपळे येतात, ते महिनोन्‌महिने सुकत ठेवावे लागतात. लाकडातून पीठ पडणं हा आमचा मोठा घोर. वाद्य तयार होऊन गिऱ्हाईकाकडं गेल्यावर पीठ पडलं तर नाव जातं, आणि मिरजेच्या वाद्यांना २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून लोक आणखी बारकाईनं बघतात. तुम्ही सांगताय तो स्ट्रोमॅशियम हाच का? आमच्याकडं भोकं टाचणीएवढी असतात.

येरळाकाठ:
टाचणीएवढी गोल भोकं आणि हाताला एकदम मऊ लागणारं पीठ म्हणजे घूण, लिक्टस वगैरे. तो वेगळ्याच कुळातला, छोटासा, दोन चार मिलिमीटरचा किंवा थोडा जास्त. त्याला लाकडातलं स्टार्च हवं असतं म्हणून तो बाहेरच्या फिकट लाकडात येतो, गाभ्यात सहसा नाही. स्ट्रोमॅशियमचं भोक लंबगोल आणि बरंच मोठं, आत बारीक पेन्सिल जाईल एवढं, आणि आतला बोगदा पीठ दाबून भरलेला. तुमच्याकडं भोक मोजून ठेवा, त्यावरनं निम्मं काम होतं. फिकट लाकूड उतरवून फक्त गाभ्याचं लाकूड वापरलं तर घुणीचा त्रास बराच कमी होतो, स्ट्रोमॅशियमच्या बाबतीत एवढी खात्री देता येत नाही.

बेदाणा_ते_बंदर:
लाकूड तापवणं हा उपाय चालतो का? आमच्या द्राक्षाच्या कंटेनरला जी लाकडी पॅलेट लागतात त्यांच्यावर एचटीचा शिक्का असल्याशिवाय माल पुढं जात नाही. लोक म्हणतात नुसता कागदोपत्री त्रास.

येरळाकाठ:
कागदोपत्री नाही हो, त्याच्यामागं असेच भुंगेरे आहेत. लाकडी पॅकिंगमधनं चीनकडचा एक लांब मिशांचा भुंगेरा अमेरिकेत गेला आणि १९९६ ला न्यूयॉर्कमध्ये सापडला, त्यानंतर तिथं मेपलसारखी जिवंत झाडं हजारोंनी तोडावी लागली. लाकडी पॅकिंगचा आयएसपीएम १५ हा जागतिक नियम २००२ ला आला. त्यात लाकडाच्या पार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस आणि तेही सलग ३० मिनिटं. एचटी म्हणजे तेच. वरचा पृष्ठभाग गरम होऊन भागत नाही, अळी आत असते.

मिरजेच्या दादांसाठी पण हेच, लाकूड वाद्याच्या आकारात येण्याआधी फळी असतानाच भट्टीत नीट तापवून घेतलं तर आतली अळी मरते. पण नंतर परत भेग पडली आणि उघडं राहिलं तर नवीन अंडी घातली जाऊ शकतात, म्हणून साठवणीची जागा बंदिस्त हवी आणि पावसाळ्याच्या रात्री तिथं दिवा जळत ठेवू नका, भुंगेरा दिव्याला येतो.

कवठेमहांकाळ_माळ:
भोकात पेट्रोलचा बोळा आणि डायक्लोरव्हॉस, वरनं चिखल. आमचे वडील हेच करायचे, हमखास गुण यायचा. एवढं कशाला लांबवायचं.

येरळाकाठ:
वडिलांच्या काळात ते चालायचं. डायक्लोरव्हॉसवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे, आणि द्राक्षात अवशेष सापडला तर निर्यातीचा अख्खा माल अडकतो. पेट्रोलनं वेलीचं जिवंत लाकूड भाजतं, आंब्याचा जाड बुंधा ते सोसेल, द्राक्षाचं खोड मनगटाएवढं. आणि मुख्य म्हणजे बोळा घालायला भोक लागतं. सेलोस्टर्नाला भोक असतं, तिथं तारेचा आकडा करून अळी टोचून काढणं सगळ्यात चांगलं, तार बाहेर आली की टोकाला ओलं दिसतं, म्हणजे लागली. स्ट्रोमॅशियमला भोक दिसतं तेव्हा भुंगेरा आधीच उडून गेलेला असतो. रिकाम्या घरात औषध ओतून काय होणार.

माणदेशी_मावशी:
आमच्या जुन्या घराच्या आड्यातनं रात्री कुरकुर आवाज येतो. सासूबाई म्हणायच्या लाकूड बोलतंय. वाळवी नाही, माती कुठं दिसत नाही. ते हेच का रे बाळा?

येरळाकाठ:
मावशी, शक्यता आहे. वाळवी मातीचे पदर करते, ते तुमच्याकडं नाहीत. अळी कोरडं लाकूड कुरतडते तेव्हा शांत घरात ऐकू येतं. आड्यावर हातोडीनं हलकं ठोकत जा, जिथं बद्द आवाज येईल तिथं आत पोकळ. घाई करून सगळं उतरवू नका, पण ज्या आड्यावर कौलांचा भार आहे तो सुताराला दाखवाच, कारण वरचा पापुद्रा चांगला दिसतो आणि आत ताकद उरलेली नसते, त्यात धोका आहे.

जतची_पोर:
आज सकाळी भाऊ आणि मी गेलो होतो, बाभळीकडच्या ओळीत भुंगेरे मिळाले, तुम्ही सांगितलं तसेच खरबरीत, मळकट पिवळे. बांधावरच्या बाभळी तोडायच्या का मग? घरात आता त्यावरच चर्चा चालू आहे.

येरळाकाठ:
ताई, माझं ऐकाल तर तोडू नका. बाभळीची सावली, शेळ्यांना शेंगा, बांध धरून ठेवणं, हे सगळं एका किड्यापायी घालवायचं नाही. आणि बाभूळ काढली तर इथले भुंगेरे द्राक्षावरच येणार, दुसरं काय खातील. उलट बाभळीवर भुसा दिसला की तिथंच तार घालायची, तिथं त्यांना गाठणं सोपं. फार पोखरलेली, वाळायला लागलेली बाभूळ असेल तर ती बुडासकट काढा, मूळ राहिलं तर अळी मुळात असते.

छाटणीवाला_पलूस:
मग जंगलाचं काय? सागरेश्वरला, दंडोब्याला वाळकी झाडं उभी आहेत, लोक म्हणतात वनखात्यानं ती काढावीत, तिथनंच किडे आपल्या बागेत येतात.

येरळाकाठ:
याच्याशी मी अजिबात सहमत नाही. सागरेश्वर हे माळावर माणसांनी झाडं लावून, राखून उभं केलेलं रान आहे, १९८५ ला अभयारण्य झालं. अशा रानाला माती करायला वाळकी झाडं लागतातच. स्ट्रोमॅशियम आणि त्याच्यासारखे बाकीचे कोरडं लाकूड फोडतात, मग बुरशी, मग मुंग्या, वाळवी, आणि त्या अळ्यांवर सुतार पक्षी जगतो. सुतारानं पाडलेल्या ढोलीत पुढं पोपट, साळुंकी, पिंगळा राहतात. वाळकं झाड काढलं तर ही सगळी वस्ती गेली.

आणि आपल्या बागेतला स्ट्रोमॅशियम येतो कुठनं हे आधी बघूया. छाटणी झाली की जाड ओलांडे, काढलेली खोडं बांधाला रचून ठेवतो, जळणाला होतील म्हणून. ते दोन दोन पावसाळे तिथंच. त्याच्याइतकं वाळकं लाकूड वेलीच्या इतक्या जवळ रानातनं येऊच शकत नाही. ते लाकूड पावसाच्या आधी चुलीत घाला, नाहीतर बागेपासनं लांब न्या. बारीक काड्या कुट्टी करून सरीत टाकल्या तर हरकत नाही, त्यात अळी जगत नाही. मांडवाला जुने लाकडी डांब राहिले असतील तर त्यांच्याकडं पण बघा.

कवठेमहांकाळ_माळ:
जळणाचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडं ढीगच्या ढीग आहे. बरं, प्रकाश सापळ्याचं सांगा, लावू का? उसाच्या मुळातल्या हुमणी अळीसाठी साखर कारखान्यानं सांगितलं होतं तसा, बल्ब आणि खाली पाण्याचं घमेलं.

येरळाकाठ:
तोच चालेल, वेगळा काही करायचा नाही. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाभळीवर, कडुलिंबावर जमतात, ते पण याच सापळ्यात येतात, पाण्यात थोडं रॉकेल टाका. बरेच लोक बाभळीवर रात्री दिसलेल्या हुमणीच्या भुंगेऱ्यालाच बाभळीचा खोडकिडा समजतात, तो वेगळा, त्याच्या मिशा आखूड आणि टोकाला पंख्यासारख्या. तुमच्याकडं ऊस पण आहे ना, मग दुहेरी फायदा.

फक्त सापळा बागेच्या मधे लावू नका, कडेला लावा, नाहीतर बाहेरचे भुंगेरे वेलीपर्यंत बोलावून आणाल. वेलीच्या खोडावरची सुटलेली साल सापळा लावायच्या आधी हातानं खरवडून काढा, लोखंडी ब्रशनं खसाखसा नको, जिवंत साल सोलली जाते. सापळा फक्त रात्रीच्या भुंगेऱ्यासाठी, म्हणजे स्ट्रोमॅशियम. सेलोस्टर्ना दिवसाचा, त्याला सकाळी हातानंच वेचायचा. सापळा लावून निवांत बसलात तर तो तुमच्या काड्या खात राहील.

बेदाणा_ते_बंदर:
सापळ्यात बाकीचं पण बरंच येईल, शेणकिडे वगैरे. ते मारायचे नाहीत ना?

येरळाकाठ:
नाही, म्हणूनच सापळा संध्याकाळी सात ते नऊ दहा एवढाच चालू ठेवा, रात्रभर नको, आणि पावसाळाभर नको, भुंगेरे निघायचे जेवढे आठवडे आहेत तेवढेच. रॉकेल टाकायच्या आधी घमेल्यात काय आलंय ते एकदा बॅटरी लावून बघा, शेणकिडे, गेंड्याच्या शिंगाचे मोठे भुंगेरे वेगळे काढून सोडता येतात. कोणाला ओळखायला अडचण आली तर इथं फोटो टाका, पाठीचा एक आणि तोंडाचा बाजूनं एक, सोबत नाणं ठेवा म्हणजे माप कळेल.